हिरव्या टोकाचा कॅथेटर

आयसीयूत मी रुजू झाले तेव्हा तिथे सक्शनची, म्हणजे श्वासाच्या ट्यूबमधला कफ ओढून काढायची, रीत ठरलेली होती. ट्यूबमध्ये सिरिंजने पाच एमएल नॉर्मल सलाईन सोडायचं, अँबू बॅग हाताने दाबून दोन-चार श्वास द्यायचे, कॅथेटर अडेपर्यंत आत सरकवायचा आणि अंगठा दाबून फिरवत बाहेर काढायचा. दर दोन तासांनी, व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक पेशंटला. आत कफ आहे की नाही, हे कोणी विचारत नसे. स्टेथो लावून छाती ऐकणं हे डॉक्टरांचं काम, असा माझा समज होता. तो सोयीचाही होता.

कॅथेटर मी नेहमी हिरव्या टोकाचा, म्हणजे १४ नंबरचा उचलायचे. जाड असतो, एका झटक्यात ओढतो. भिंतीवरच्या व्हॅक्यूमचा नॉबही पूर्ण फिरवलेला. आता हिशेब बघा. १४ नंबरची जाडी साधारण पावणेपाच मिलीमीटर आणि ७ नंबरच्या ट्यूबचा आतला व्यास ७ मिलीमीटर. कॅथेटर निम्म्याहून जाड झाला की त्याच्या बाजूने हवा आत यायला पुरेशी वाट उरत नाही, आणि कफाबरोबर फुप्फुसातली हवाही ओढली जाते. अशा ट्यूबला काळ्या टोकाचा १० नंबर पुरतो. हे गणित मी नर्सिंगच्या परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. वॉर्डात मात्र ड्रॉवरमध्ये जो वर असेल तो हातात यायचा, आणि वर हिरवाच असायचा.

सक्शन करताना सॅच्युरेशन पडायचं. मी अलार्म बंद करायचे, व्हेंटिलेटर जोडायचे आणि आकडा चढायची वाट बघायचे. चढायचाच. त्यामुळे पडणं हा या कामाचाच भाग, असं मी धरून चालले आणि नव्या मुलींनाही तसंच शिकवलं. आज त्यांतल्या किती जणी कुठे कुठे तसंच करत असतील, हा विचार सुखाचा नाही.

मग जीबीएसचे, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोमचे, एक काका आले. हातापायांतली ताकद गेलेली, गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमी. या आजारात हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसाही बिघडू शकतात, आणि मग श्वासनलिकेत कॅथेटर नुसता टोचला तरी पल्स कोसळू शकते. मला हे ठाऊक नव्हतं. पहाटेच्या सक्शनला कॅथेटर कॅरिनावर, म्हणजे श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे, जाऊन आपटला. मी तो तसाच रेटून धरला, कारण जितकं खोल तितकं स्वच्छ, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पल्स तिशीवर आली आणि काही क्षण मॉनिटरवर सपाट रेघ. कॅथेटर ओढून काढला, शंभर टक्के ऑक्सिजन लावला, रजिस्ट्रार धावत आले, अ‍ॅट्रोपिन द्यावं लागलं. ठोके परतले.

"सिस्टर, सक्शनची गरज होती का?" त्यांनी विचारलं.

"चारची वेळ झाली होती, सर."

कॅथेटरमध्ये कफाचा टिपूसही नव्हता.

काका बरे झाले. गळ्यातली नळी निघून आवाज फुटल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "सिस्टर, तुमच्या चपलांचा आवाज आला की मला घाम फुटायचा. छातीतला सगळा श्वास ओढून न्यायच्या तुम्ही. एकदा तरी सांगायचंत, आता करते म्हणून." मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमच्या नणंदेचं जमलं का हो लग्न?" त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या बेडच्या सिस्टरशी मारलेल्या सगळ्या गप्पा त्यांनी ऐकल्या होत्या. जीबीएसच्या पेशंटला बोट हलवता येत नसेल, पण तो शुद्धीत असतो, हे मला माहीत होतं. वागण्यात उतरलं नव्हतं, एवढंच. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची साथ आली, तेव्हा आमच्या युनिटमधल्या मुलींना मी पहिल्यांदा हे दोन धडे दिले: अ‍ॅट्रोपिन हाताशी ठेवा, आणि हातमोजे चढवण्याआधी पेशंटला सांगा.

काकांनंतर मी वाचायला लागले. अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअरने २०१० मध्येच लिहून ठेवलं होतं की सक्शन घड्याळ बघून करू नका, कफ असेल तेव्हाच करा. ट्यूबमध्ये कफ दिसतो का, श्वासनलिकेवर स्टेथो ठेवला तर घरघर येते का, व्हेंटिलेटरच्या फ्लोच्या रेषेला करवतीसारखे दाते पडलेत का, हे बघा. त्यांच्या २०२२ च्या सूचनांत मोठ्या माणसांसाठी व्हॅक्यूम २०० मिलीमीटर मर्क्युरीच्या आत आणि एका खेपेला जास्तीत जास्त १५ सेकंद, असं आहे. सलाईन शक्यतो टाळाच. ते कफात नीट मिसळत नाही, बरंचसं आतच राहतं आणि ट्यूबला चिकटलेले जंतू खाली ढकलतं. यावर आमच्या एक सीनियर मॅडम २००९ चा ब्राझीलमधला अभ्यास काढतात. त्यात सलाईनने न्यूमोनिया कमी झाल्याचं दिसलं होतं. अभ्यास खरा आहे, पण मॅडम तो वाचण्याच्या कितीतरी आधीपासून सलाईन सोडत होत्या, हेही खरं.

तर मी सुधारले, आणि सुधारल्याचा मला ताठा आला. त्या ताठ्यातच एका पोराला मी मरणाच्या दारात नेलं.

कीटकनाशक प्यायलेला विशीतला मुलगा. ऑर्गनोफॉस्फरसच्या विषात सुरुवातीला तोंडाला, छातीला नुसता पाझर फुटतो, कितीही सक्शन करा, पुरत नाही. तो आटवायला अ‍ॅट्रोपिनची ड्रिप चालू असते. पण आटता आटता कफ चिकट होतो, सुकतो. सुकलेला कफ घरघरत नाही. मी छाती ऐकली, शांत. रेषा स्वच्छ, सॅच्युरेशन ९८. ओव्हर देताना आधीच्या सिस्टरने "कॅथेटर जरा अडतोय" असं सांगितलं होतं, तरी ड्यूटीभर मी कॅथेटर घातला नाही आणि नव्या मुलीला ऐटीत म्हटलं, "बघ, गरजच नाही." पीक प्रेशर चढत होतं. त्याला मी ब्रॉन्कोस्पाझम ठरवून नेब्युलायझेशन मागून घेतलं. ट्यूबला साधा एचएमई फिल्टर होता. कफ ओला ठेवणारा गरम पाण्याचा ह्युमिडिफायर कोपऱ्यात मोकळा पडून होता, आणि तो मागायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

मग अँबू दाबला जाईना. रजिस्ट्रारनी ट्यूब उपसून दुसरी घातली. काढलेल्या ट्यूबच्या टोकाशी तपकिरी, डिंकासारखा गठ्ठा. मुलगा वाचला, पुढे चालत घरी गेला. आता कफ असो-नसो, कॅथेटर ट्यूबमधून सहज जातो का, एवढं मी दर ड्यूटीत निदान एकदा तपासते.

त्या दिवशी इन्सिडंट फॉर्म मीच भरला. "ट्यूब ब्लॉक झाली, बदलली." कारणासमोर लिहिलं, "घट्ट सिक्रिशन्स." ओव्हरमध्ये काय सांगितलं होतं आणि ड्यूटीभर मी काय केलं नाही, हे लिहायला खाली चार ओळी मोकळ्या होत्या. त्यांवर मी तिरकी रेघ मारली आणि सही केली.