भिंतीतली तार

आमच्या औरंगाबादचं नाव बदललं, एसटीडी कोड मात्र 0240च राहिला. शिकायला किंवा नोकरीला पुण्या-मुंबईकडे गेलेल्या आमच्या पिढीनं रात्री उशिरा, दर पाव झाल्यावर, पिवळ्या पाटीच्या बूथसमोर रांगेत उभं राहून हा कोड लावलेला आहे. त्यापुढचा नंबर बहुतेकांचा स्वतःच्या घरचा नसायचाच, तो शेजारच्यांचा असायचा. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, नोकरीच्या अर्जावर नंबराला 'पीपी' जोडलेलं असे. सिडकोत एन-9ला आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांत मिळून एक फोन होता. ज्यांच्याकडे तो होता त्या काकू ओट्यावरूनच हाक द्यायच्या, "अहो वहिनी, पुण्याचा फोन आहे, पाच मिनिटांनी परत करतोय म्हणाला." पाच मिनिटं संपायच्या आत आई पदर सावरत, अनवाणीच तिथं जाऊन बसलेली असायची.

फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघणं तेव्हा देशभर सगळ्यांच्याच वाट्याला आलं, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय ते तारेबद्दल.

आमच्याकडे फोन आला तेव्हा लाइनमननं खांबावरून काळी तार गच्चीच्या कठड्यापर्यंत आणली, तिथून ती भिंतीच्या कडेनं खिळ्याच्या क्लिपा मारत खाली उतरवली, चौकटीशेजारी भोक पाडलं आणि आत रोझेटची डबी बसवली. हे काम तो फार निगुतीनं करत होता. तार कुठंही लोंबू द्यायची नाही, वळणावर ताणायची नाही, भिंतीतून आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून ओघळत आत न येता त्या झोळातूनच खाली ठिबकतं. आत आल्या त्या तांब्याच्या दोनच तारा. पुढची कित्येक वर्षं घरातलं सगळं बोलणं त्या दोन तारांनी वाहिलं: लग्नाची बोलणी, बहिणीच्या बाळंतपणाची बातमी, आजोबा गेल्याचा निरोप.

वरचा मजला चढवताना बाबांनी वायरमनला सांगून एक जास्तीचा पाइप भिंतीत टाकून घेतला होता. विजेच्या पाइपापासून वीतभर लांब, हॉलमधून जिन्याच्या भिंतीतून वरच्या खोलीपर्यंत. "पुढंमागं वर फोन लागला तर भिंत फोडायला नको," एवढाच विचार. वर पॅरलल लागला तो त्याच पाइपातून. वर कुणी नंबर फिरवला की खालच्या फोनची घंटी बारीक टिणटिणायची. ती टिणटिण लांबली की आईला खाली स्वयंपाकघरात कळायचं, कॉल परगावचा आहे. त्या पाइपाच्या दोन्ही टोकांना पुढं फार मोठा इतिहास घडणार आहे, हे तेव्हा कुणाला वाटलं असतं?

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं 15 ऑगस्ट 1995ला, मोजक्या महानगरांत. आमच्याकडे ते आधी औरंगपुऱ्याच्या, निराला बाजारच्या सायबर कॅफेंतून, तासाच्या हिशेबानं आलं आणि मग घरात, त्याच दोन तारांवरून. मोडेमची ती किरकिर, मध्येच कुणाचा फोन आला तर तुटणारं कनेक्शन, आणि नेट चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज. जानेवारी 2005मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं. 256 केबीपीएसला तेव्हा आम्ही वेगवान म्हणत होतो, आणि होतंच ते. एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलं जायचं नाही, त्यासाठी गजर लावून उठणारी मुलं प्रत्येक गल्लीत होती. फोन आणि नेट आता एकाच वेळी चालायला लागलं होतं, कारण बोलणं खालच्या वारंवारतेवर आणि डेटा वरच्या वारंवारतेवर, दोघांना वेगळं करणारी स्प्लिटरची डबी मध्ये. तारा मात्र त्याच दोन.

योगायोग असा की त्याच जानेवारी 2005मध्ये केंद्र सरकारनं 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. एके काळी घरात साधा रेडिओ ठेवायचा तरी पोस्टात जाऊन लायसन्सची फी भरावी लागायची. आता त्याच देशात कुणीही कुणाला न विचारता आपल्या हॉलमधून रेडिओलहरी सोडू शकत होता. वायफाय घरोघरी गेलं ते या मोकळिकीमुळं.

आणि इथं, माझ्या मते, आपल्या घरबांधणीची एक चांगली सवय सुटली. 'आता सगळं वायरलेस' हे वाक्य बिल्डरपासून घरमालकापर्यंत सगळ्यांनी मनावर घेतलं. त्यानंतर उठलेल्या कितीतरी इमारतींत टीव्हीपुरता एक पाइप सोडला तर भिंतीत काहीच नाही. जुन्या घरांतल्या रोझेटच्या डब्या रंगकामात पुट्टीखाली गेल्या. रिकामा पाइप ठेवणं लोकांना मागासलेपणाचं वाटू लागलं.

याची किंमत कळली ती मार्च 2020च्या लॉकडाऊनमध्ये. राउटर हॉलमध्ये, कारण फायबर तिथं येतं. मुलाची शाळा मागच्या खोलीत, मुलीचं ऑफिस वरच्या मजल्यावर, आणि वर रेंजच्या दोन दांड्या. आमच्या शहरातल्या घरांना वायफायचं जमणं मुळातच अवघड. गुलमंडी, बेगमपुऱ्याकडच्या जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंती हातभर जाड, त्यातून 5 गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडे जातच नाही. सिडकोतल्या घरांत भाजक्या विटांच्या भिंती आणि वर सळयांनी भरलेला स्लॅब. शिवाय नळाला पाणी दिवसाआड नव्हे, कित्येक दिवसांआड येत असल्यामुळं घरोघरी मोठाल्या टाक्या, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. आमची टाकी नेमकी राउटर आणि वरची खोली यांच्या वाटेत उभी आहे.

लोक आधी एक्स्टेंडर आणतात, मग मेश. मेश म्हणजे घरभर ठेवलेले दोन-तीन नोड, सगळ्यांचं नाव-पासवर्ड एकच, आणि चालता चालता तुमचा मोबाइल एका नोडवरून दुसऱ्यावर आपसूक जातो. कल्पना उत्तम आहे. पण नोडना आपापसांत बोलायचं असतं, त्यालाच बॅकहॉल म्हणतात, आणि ते बोलणं हवेतून करायचं तर अडचण तीच. ज्या भिंतीतून तुमच्या लॅपटॉपला रेंज मिळत नाही, त्याच भिंतीतून नोडलाही ती ओढून आणावी लागते. त्यातही नोड एकाच रेडिओवर मागचं ऐकणार आणि पुढचं सांगणार असेल, तर त्याचा अर्धा वेळ ऐकण्यात जातो आणि दर टप्प्याला वेग जवळपास निम्मा होतो. महागड्या नोडमध्ये या कामाला वेगळा रेडिओ असतो, पण भिंत त्यालाही चुकत नाही.

यावरचा उपाय या शहराला खरं तर फार जुना. मलिक अंबरनं 1610मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि पुढं डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीनं गावात आणलं. पाणी वाटेत झाकलेलं राहिलं आणि वर आलं ते वस्तीतल्या बंब्यांवर, जिथं माणसाला ते हवं होतं तिथंच. घरातलं वायफायही असंच हवं: लांबचा पल्ला झाकलेल्या तारेतून, आणि उघड्या हवेतून फक्त शेवटचे काही हात. वायर्ड बॅकहॉल म्हणतात ते एवढंच.

आम्ही तार ओढायचं ठरवलं तेव्हा बाबा नव्हते. त्यांचा पाइप होता. वरच्या खोलीतली पुट्टी खरवडल्यावर जुनी रोझेटची डबी निघाली, आत दोन तारा हिरव्या गंजल्या होत्या. वायरमन म्हणाला, "दादा, या तारा कापू नका, यांनाच नवी केबल बांधू." खालून जुनी तार ओढत गेलो, वरून कॅट-सिक्स आत सरकत गेली. पाऊण इंची पाइपात सहा मिलिमीटर जाडीची केबल सहज बसते. जिन्याच्या वळणावर थोडी अडली, थोडं मागं-पुढं केल्यावर निघाली. आई खाली खुर्चीत बसून होती. तार हॉलमध्ये बाहेर आली तेव्हा म्हणाली, "त्यांनी फोनसाठी ठेवला होता तो."

केबल घेताना बघायचं ते एकच: आत शुद्ध तांबं आहे का. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सीसीए केबल स्वस्तात मिळते. ती भिंतीत घालू नये, ठिसूळ असते आणि टोकं कालांतरानं सैल होतात. शुद्ध तांब्याची कॅट-सिक्स 100 मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट बिनतक्रार नेते. आपल्याकडच्या बंगल्याला याहून लांब तार लागत नाही. आत चार जोड्या, म्हणजे आठ तारा. टोकाला जॅक मारताना क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, आणि दोन्ही टोकांना तोच. यातली निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नाही तरी नेट चालतं, पण 100 एमबीपीएसवर अडकून राहतं, कारण तेवढ्या वेगाला दोन जोड्या पुरतात. नोड तारेनं जोडूनही घरात वेग शंभरापुढं जात नसेल, तर पहिल्यांदा जॅक तपासा. फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा, आणि राउटरचं काम त्या डब्याकडे किंवा मुख्य नोडकडे, कुणा एकाकडेच ठेवा. नोड एकमेकांना खेटून ठेवू नका. बाकीचं त्याचं अॅप करून घेतं.

वरच्या खोलीत आता मुलीची मीटिंग अडत नाही. खाली आई संध्याकाळी टॅबवर पुण्याच्या बहिणीशी बोलते, चेहरा बघत. जुन्या काळाच्या ओढीनं मी कितीही लिहिलं, तरी काकूंच्या ओट्याकडे अनवाणी धावणाऱ्या माझ्या आईला हे आधी मिळायला हवं होतं असंच मला वाटतं.

जुन्या फोनची एक गोष्ट मात्र आजच्या व्यवस्थेनं गमावली, आणि ती मला मनापासून खटकते. भारनियमनाच्या त्या वर्षांत घरात अंधार असला तरी फोन चालू असायचा, कारण त्याची वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून त्याच दोन तारांवरून यायची. फायबर ही काच आहे, तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. लाइट गेली की डबा बंद, नोड बंद, आणि अडीअडचणीला फोन करायला मोबाइलचीच रेंज उरते. त्यावरही तांब्याच्या तारेचाच उपाय आहे. छताला लावायचे काही अॅक्सेस पॉइंट केबलमधूनच वीज घेतात, त्याला पीओई म्हणतात. खाली फायबरचा डबा आणि पीओईचा स्विच एका इन्व्हर्टरच्या बोर्डावर ठेवला की वरचं वायफायही चालू राहतं. घरात म्हातारी माणसं असतील तर हे आधी करून घ्यावं.

सातारा-देवळाई, बीड बायपास, हर्सूल-सावंगीकडे आज जी घरं उठताहेत, त्यांच्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्लॅस्टर व्हायच्या आधी वायरमनला सांगून फायबर जिथं येणार तिथून प्रत्येक मजल्यावर, जमलं तर प्रत्येक खोलीपर्यंत 25 मिलिमीटरचा एकेक वेगळा पाइप टाकून घ्या. विजेच्या पाइपात ही तार घालू देऊ नका. काटकोनी एल्बो नकोत, लांब वळणाचे बेंड वापरा. आत जीआयची एक तार ओढून ठेवा आणि दोन्ही टोकांना डबी बसवा. आज केबल घातली नाही तरी चालेल. पाइपाचा खर्च घराच्या खर्चात दिसणारही नाही, आणि नंतर भिंत फोडायची वेळ आली तर त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात.