अमर्याद म्हणजे किती?

‘अमर्याद’ हा शब्द अध्यात्मात शोभून दिसतो. दरपत्रकावर छापलेला दिसला की आमच्या भुवया वर जातात. गेल्या वर्षी इंदूरच्या आमच्या लहानशा मराठी ग्रंथालयापुढे अशी पाच दरपत्रके येऊन पडली, आणि पाचांपैकी चारांवर हाच शब्द ठळक अक्षरांत होता.

निमित्त असे. होळकरशाहीच्या काळात सुरू झालेल्या या संस्थेच्या कपाटांत जुन्या ग्रंथांचे व मासिकांचे असे ४१२ खंड आहेत की ज्यांवरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच उलटून गेली आहे. पान उलटावे तर कोपरा हातात यावा, अशी त्यांची अवस्था. वाचनालयाची पायरी चढणारे आता थोडे. आणि ज्यांच्या पणजोबांनी त्या मासिकांत लिहिले, ती मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा थेट साता समुद्रांपलीकडे. म्हणून दोन वर्षे खपून आम्ही या खंडांची छायाचित्रे संगणकावर उतरविली. आता उरले होते ते दोन निर्णय: ग्रंथालयात इंटरनेटची जोडणी कोणाची घ्यावी, आणि हे खंड ज्या संकेतस्थळावर ठेवावयाचे त्यासाठी जागा कोणाकडे भाड्याने घ्यावी.

दोन्हीकडे एकच शब्द वारंवार कानी येई, तो बँडविड्थ. आमच्या समितीतील एक ज्येष्ठ सभासद दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी तो मुळापासून उकलला. बँडविड्थ म्हणजे पट्ट्याची रुंदी. जुन्या दूरध्वनीच्या तारेतून सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांपर्यंतचेच आवाज नेले जात. त्या दोहोंमधील अंतर ही तिची रुंदी. एवढ्या पट्ट्यातून, खरखर जमेस धरूनही, जास्तीत जास्त किती मजकूर बिनचूक धाडता येईल याचे गणित क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडले. पुढे कंपने मागे पडली आणि एका सेकंदात किती बिट वाहतात यालाच लोक बँडविड्थ म्हणू लागले.

इंदूरकरांस हे समजण्यास नर्मदेइतके जवळचे उदाहरण नाही. जलूदहून पाणी चढवून शहरात येते. पण आपल्या घरी बादली किती वेळात भरेल हे नर्मदेवर ठरत नाही, गल्लीतील नळ किती रुंद आणि त्यावर किती घरे यावर ठरते. दरपत्रकात ‘१०० पर्यंत’ असे लिहिलेले असते, त्यातील ‘पर्यंत’ या शब्दात ही सारी शेजारपाजारची घरे दडलेली असतात. रात्री नऊला, जेव्हा आळीतील प्रत्येक घरात चित्रपट चालू असतो, तेव्हा वेग किती मिळतो, हा प्रश्न आम्ही कंपनीला न विचारता त्याच इमारतीतील भाडेकरूंना विचारला. तेथेच दोन दरपत्रके बाद झाली.

समितीतील एका सभासदांची सून संगणक अभियंता आहे. ती म्हणाली, “काका, आकडा नंतर पाहा, आधी त्यापुढचे अक्षर पाहा. इंग्रजी बी लहान असेल तर बिट, मोठा असेल तर बाइट. आणि आठ बिटांचा एक बाइट.” म्हणजे १०० मेगाबिटांच्या जोडणीतून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट येणार. यात लबाडी नाही. पण आठाने भागण्याचे काम ग्राहकाकडे राहते, आणि ते फारसे कोणी करीत नाही.

आमचा एक खंड सरासरी ४० मेगाबाइटांचा. सारे मिळून साडेसोळा गिगाबाइट. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, त्या आरंभीच्या काळातील सेकंदाला ९.६ किलोबिटांच्या जोडणीने एक खंड धाडावयास सव्वानऊ तास लागले असते, आणि सर्व खंडांस रात्रंदिवस १५९ दिवस. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ किलोबिटांना ब्रॉडबँड म्हटले. २०२३ साली ती किमान मर्यादा २ मेगाबिट झाली.

येथे आणखी एक मेख. आम्हांस खंड उतरवून घ्यावयाचे नव्हते, चढवावयाचे होते. शिवाय गणेशोत्सवातील व्याख्याने दूरच्या सभासदांना थेट दाखवावीत अशी पुष्कळांची मागणी होती, आणि त्याला सेकंदाला तीन ते पाच मेगाबिट अखंड बाहेर जावे लागतात. काही जोडण्यांत येण्याचा रस्ता रुंद आणि जाण्याचा अरुंद असतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात तो येण्याचा. दोन्ही वेग लेखी मागताच एक विक्रेता पुन्हा फिरकलाच नाही.

जागा भाड्याने देणाऱ्यांची भाषा निराळी. तेथे बँडविड्थ म्हणजे बहुधा महिन्याभरात एकंदर किती मजकूर बाहेर गेला त्याचे माप. नळाची रुंदी नव्हे, मीटरवरचे पाणी. महिन्यात हजार खंड उघडले गेले तर ४० गिगाबाइट. हे कोणत्याही साध्या योजनेत बसते. पण जयंतीच्या दिवशी पन्नास जणांनी एकाच वेळी एकेक खंड मागितला, तर १०० मेगाबिटांच्या रस्त्यावरून तो सर्वांपर्यंत पोचण्यास दोन मिनिटे चाळीस सेकंद लागतील. तेवढ्यात निम्मे वाचक निघून जातात. ‘अमर्याद’ हा शब्द मीटरला उद्देशून असतो, रुंदीला नव्हे. आणि करारातील बारीक टाइपात ‘वाजवी वापर’ म्हणून मीटरलाही कुंपण घातलेले असते.

अभियंता सुनेने सुचविले की छायाचित्रांबरोबर टंकलिखित मजकूरही ठेवावा. तेव्हा एक मौज कळली. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते, आपल्या ‘अ’ला तीन लागतात, आणि ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त व ष मिळून नऊ! आमच्या निवृत्त शिक्षिका सभासद म्हणाल्या, “जोडाक्षरांनी मुलांना छळले, आता यंत्रालाही.” तरीही हजार-दीड हजार अक्षरांचे पान चार-पाच किलोबाइटांतच बसते, आणि त्याच पानाचे छायाचित्र दोनशेच्या आसपास जाते. मुद्रिते तपासावयास आता पाच घरांतील आज्या बसल्या आहेत.

जागा कोठे असावी यावरही बराच खल झाला. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेतील संगणक तेरा हजार किलोमीटरांवर, म्हणजे जाऊन येण्यास सेकंदाचा आठवा हिस्सा तरी हवा. एक पान उघडताना अशा अनेक खेपा होतात, आणि रुंद नळ घेऊन हे अंतर कमी होत नाही. शिवाय ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या केबली तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट कसे मंदावले होते हे आमच्यापैकी काहींच्या स्मरणात होते. आमचे बहुतेक वाचक देशातच आहेत. म्हणून मुंबईतील संगणक निवडला.

वेग आणि भाव यांहून आम्हांस अधिक काळजी होती ती मालकीची. परिचयातील एका मंडळाने संकेतस्थळाचे नाव ते बनविणाऱ्या गृहस्थांच्याच नावे नोंदू दिले होते. ते गृहस्थ पुढे व्यवसाय सोडून गेले, नूतनीकरण राहिले, नाव दुसऱ्याने घेतले, आणि मंडळाचा पंधरा वर्षांचा छायाचित्रसंग्रह एका रात्रीत बेपत्ता झाला. दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती. तेव्हा आम्ही नाव संस्थेच्या नावे, संस्थेच्या पैशाने घेतले. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ मिळते, तेही जोडीला घेतले. पहिल्या वर्षीचा भाव न पाहता दुसऱ्या वर्षीचा विचारला. तो तिप्पट निघाला तेथून परत फिरलो.

अखेर ठरली ती ‘अमर्याद’ न म्हणणारी, महिन्याला २०० गिगाबाइट असे स्वच्छ लिहून देणारी योजना. आणि ग्रंथालयासाठी जाण्या-येण्याचा वेग सारखा असलेली ५० मेगाबिटांची जोडणी. सर्व खंडांची एक प्रत ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात आहे, दुसरी बडोद्याच्या एका सभासदांच्या घरी. नूतनीकरणाची तारीख वाचनालयाच्या फळ्यावर, वर्गणीच्या तारखेखाली, खडूने लिहून ठेवली आहे.