पिवळे अंगण

वर्षाकांठीं सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आमच्या गांवीं वैशाखांत टँकरपुढें घागरींची रांग लागते. अशा वेळीं घराबरोबर मिळालेल्या विलायती हिरवळीवर केवळ नेत्रसुखाकरितां रोज पाणी ओतणें आमच्या मनास पटेना. म्हणून सन २०२४ च्या मृगांत ती काढून आम्हीं पवन्या व मारवेल या देशी गवतांचीं ठोंबें लाविलीं. पहिल्या पावसाळ्यांत तण मात्र हातांनीं उपटावें लागलें. दिवाळीनंतर हीं गवतें वाळतात, पाहुणे विचारतात, "बाग मेली काय?" परंतु मुळें जिवंत असतात व पावसाबरोबर पुन्हां फुटतात. कापलेलें गवत शेजाऱ्यांच्या गुरांस उपयोगी पडतें. विद्यार्थी मित्रहो, ऋतूप्रमाणें पिवळें होण्यांत लाज नाहीं. तहानलेल्या शेजारांत बारमाही हिरवें राहणेंच आम्हांस अशोभन वाटतें.