पाठ कोणाच्या मुखी?

बुलढाण्यातील आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात एक जुना संगणक आहे. त्यावरचे लिब्रेऑफिस आम्ही दोघे प्राध्यापक कित्येक वर्षे वापरतो. प्रश्नपत्रिका, शोधनिबंध, भित्तिपत्रक, सारे त्यावरच. त्यासाठी आजवर एक रुपया मोजावा लागलेला नाही, आणि फुकट मिळालेल्या वस्तूविषयी असते तशी बेफिकिरीही आमच्यात होतीच.

गेल्या पावसाळ्यात वऱ्हाडी बोलीवरचा एक लेख टंकताना ‘पऱ्हाटी’, ‘तुराटी’, ‘पोट्टं’ या शब्दांखाली लाल नागमोडी रेघ उमटत गेली. ज्या शब्दांत आमचे बालपण गेले, ते यंत्राच्या लेखी चुकीचे होते. ही शब्दसूची एका विद्यार्थ्याने कोठूनशी उतरवून आमच्या संगणकावर बसवली होती. कर्त्याला नावे ठेवावीत म्हणून माग काढला, तेव्हा कळले की ती कोणा हौशी माणसाने फावल्या वेळात केली होती. तो केव्हाच दुसऱ्या कामाला लागला होता आणि त्याच्या जागी कोणी आलेले नव्हते.

ज्या प्रणालीची संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते, ती मुक्त स्रोत प्रणाली. अशी संहिता उघडी असल्यामुळे ती अमर असणार, अशी आमची समजूत होती. लिब्रेऑफिसचा इतिहास तिला दुजोराही देतो. २०१० साली सन ही कंपनी ओरॅकलने विकत घेतली. ओपनऑफिसच्या भवितव्याविषयी साशंक झालेल्या अनेक कर्त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात वेगळी चूल मांडली, तेच लिब्रेऑफिस. माणसे बाहेर पडली, पण परवाना मुक्त असल्याने संहिता सोबत नेता आली.

तथापि ही झाली अनेकांची गोष्ट. कर्ता एकटाच असला तर काय होते, हे ‘एक्सझेड’च्या प्रकरणात दिसले. माहितीचा आकार लहान करणारे हे साधन असंख्य लिनक्स संगणकांत असते, आणि वर्षानुवर्षे ते मुख्यतः एकच माणूस बिनमोल सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याने आपली ओढाताण उघडपणे सांगितली. ‘जिया तान’ या नावाने वावरणारा एक मदतनीस तेव्हा पुढे सरसावला, हळूहळू विश्वासू झाला, आणि २०२४ मध्ये त्याने त्या साधनात चोरवाट पेरली. दुसऱ्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेने आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला, म्हणून मार्चअखेर ती उघडकीस आली. संहिता सर्वांसमोर होती. ती जाणून असलेला, भरवशाचा दुसरा माणूस मात्र नव्हता.

हे वाचताना आम्हाला ‘लीळाचरित्र’ आठवले. लोणार आणि मेहकर ही आमच्या जिल्ह्यातली गावे त्यात येतात. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून भक्तांच्या आठवणी जमवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. तरीही ग्रंथ पुन्हा उभा राहिला, कारण तो हिराइसेसारख्या अनुयायांच्या मुखी होता. आज वेगवेगळे पाठ जुळवताना आपण संपादक वैतागतो. परंतु पाठभेद आहेत याचा अर्थ ग्रंथ एकाहून अधिक जणांना पाठ होता. पोथी हरवली तरी चालले, ती माणसे हरवली असती तर चालले नसते.

प्रणालीचेही तसेच असावे. अमुक ओळ तशीच का लिहिली, पूर्वी काय करून पाहिले आणि का सोडले, हे ज्ञान बहुधा लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहते. तो निघून गेल्यावर उरलेली संहिता अक्षरओळख असलेल्यालाही सहज कळत नाही. उत्तराधिकारी घडतो तो मूळ कर्ता अजून कामावर असताना, त्याच्या शेजारी बसून.

इतकी वर्षे फुकट वापरून आम्ही एका शब्दाची दुरुस्तीही कोणाला कळवली नव्हती. आणि शब्दसूची करणे हे तर भाषेच्या माणसाचे काम! ते संगणकवाल्यांवर सोडून आम्ही लाल रेघेवर चिडत बसलो होतो. परवाना मुक्त होता, म्हणून ती सूची आता आम्हीच पुढे चालवायला घेतली आहे. आजवर चारशे वऱ्हाडी शब्द त्यात घातले. प्रत्येक शब्दापुढे तो कोठे ऐकला आणि कोणत्या रूपाला का स्थान दिले, हेही लिहून ठेवतो. दोन विद्यार्थिनी सोबत बसतात आणि आमच्या चुका निःसंकोच दाखवतात.

आमच्या निवृत्तीला अजून पंधराएक वर्षे आहेत. त्या दोघी मात्र या उन्हाळ्यात पदवी घेऊन जातील. प्रथम वर्षाच्या वर्गातून कोणाला तरी आताच शेजारी बसवायला हवे.