शेत मुलाकडे, आपण टोंगाला

वाचकहो, शाळेत जाणाऱ्या नातवाकडून जगाचा नकाशा मागून घ्या. ऑस्ट्रेलियाच्या पुढे न्यूझीलंड सापडेल. तिथून बोट ईशान्येला सरकवा. निळ्या रंगावर मोहरी सांडावी तसे ठिपके दिसतील. ते टोंगाचे राज्य. दीडशेहून जास्त बेटे, पण वस्ती थोड्यांवरच. सगळी मिळून माणसे लाखाच्या आसपास. राजा अजून आहे. आज आपण तिथे समुद्र पाहायला जाणार नाही. दूर अमेरिकेतून तिथे येऊन राहणारी साठी-सत्तरीची नवराबायको पाहायला जाणार आहोत.

ही जोडपी बरीचशी युटा, आयडाहो अशा भागांतली. 1847 साली मॉर्मन पंथाचे लोक युटाच्या कोरड्या खोऱ्यात उतरले आणि डोंगरातल्या ओढ्यांचे पाट काढून त्यांनी शेती उभी केली. लसूणघास, गहू, बटाटा, दुभती जनावरे असा तिथला संसार. या पंथात एक रीत आहे. मुले हाताशी आली, घरात कुणी आपल्यावर अवलंबून उरले नाही, की धडधाकट नवराबायकोने आपणहून अर्ज करायचा आणि चर्च पाठवील तिथे सेवेला जायचे. मुदत सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत. पगार नाही. उलट राहण्याखाण्याचा खर्च स्वतःच्या गाठीचा. घरभाडे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तर तेवढा भार चर्च उचलते. निघण्याआधी थोडे दिवस शिकवणी होते. छातीवर काळी नावपट्टी लागते. पुरुषाला ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, म्हणायचे आणि बाईला ‘सिस्टर’. गंमत अशी, की विशीतल्या सेवेकरी पोरांनाही ‘एल्डर’च म्हणतात.

आता घटकाभर त्या जोडप्याच्या जागी स्वतःला ठेवा. गोठ्यातली जनावरे मुलाच्या हवाली केलीत. ट्रॅक्टरची किल्ली दिलीत. बँकेचे कागद सुनेला समजावलेत. खरी अडचण पुढेच आहे. मुलगा पेरणी लांबवील, तुम्ही बारा वर्षे लावलेले बियाणे बदलील, आणि तुम्ही बांधावर उभे राहून बोलायला नसाल. टोंगाचे घड्याळही असे, की तिथे रविवारी सकाळी आठ वाजले तर हिवाळ्यातल्या युटात शनिवारची दुपार असते. रोज उठून ‘पाणी सोडलंस का?’ विचारणे जमत नाही. नातवाचे बारसे हुकते. एखाद्या सख्ख्या माणसाची माती हुकते. म्हातारपणी जाणाऱ्याला हे सगळे ठाऊक असते, तरी तो जातो.

मुख्य बेट टोंगाटापू. प्रवाळाच्या सपाट थरावर ज्वालामुखीच्या राखेची सुपीक माती. नदी एकही नाही. छपरावरचे पावसाचे पाणी सिमेंटच्या टाकीत साठवायचे, नाहीतर जमिनीतले उपसायचे. नारळाच्या सावलीत कोनफळ, अळकुड्या, रताळी आणि आपण ज्याचा साबुदाणा करतो तो कंद. कोकणातला नीरफणसही तिथे घरोघर. रविवारी जमिनीतल्या खड्ड्यात दगड तापवतात. अळूच्या पानांत मांस आणि नारळाचे दूध बांधून त्यावर ठेवतात, वरून माती लोटतात आणि प्रार्थनेहून परतल्यावर उकरून जेवतात. रविवारी बाकीची कामे बंद. 1875 सालच्या राज्यघटनेतच तसे लिहिले आहे.

शेतकऱ्याने लक्षात ठेवावा असा तिथला जमिनीचा कायदा आहे. जमीन राजाची, ती विकता येत नाही. सोळा वर्षांच्या प्रत्येक टोंगन पुरुषाला सव्वाआठ एकर शेत मागण्याचा हक्क आहे. पण बेट काही वाढत नाही. सगळ्यांना पुरेल इतकी जमीन उरलेली नाही, आणि तरुण न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका गाठतात. कोकणात एके काळी मुंबईच्या मनीऑर्डरवर चुली पेटत, तसा तिथे परदेशच्या पैशावर घरखर्च चालतो.

आता मिशनरी म्हटले की आपल्या मनात धर्मांतराचा विचार येतो. तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या सेवेचा हेतू धार्मिकच आहे. पण टोंगात वेस्लियन मिशन 1826 पासून आहे आणि देश केव्हाच ख्रिस्ती झालेला आहे. मॉर्मन पंथाचे प्रचारक 1891 साली आले. आज पाचात सुमारे एक माणूस त्या पंथाचा आहे. शिवाय वयस्क जोडप्यांनी दारोदार प्रचार करावा अशी अपेक्षा नसते. कुणी शाळेत मदत करतो, कुणी कार्यालयातले हिशेब पाहतो, कुणी इमारतींची डागडुजी, कुणी आजाऱ्यांची विचारपूस. टोंगाटापूवर या पंथाची लियाहोना नावाची मोठी शाळा आहे.

तिथे पहिली ठेच लागते ती मोठेपणाला. चाळीस वर्षे घरात ज्याचा शब्द चालला, त्याला इथे भाषेची अक्षरओळख करावी लागते. ‘मालो ए लेलेई’ हा नमस्कार एखादे पोर हसत हसत सुधारून देते. सभेला जाताना टोंगन माणसे कमरेला विणलेली चटई गुंडाळतात. कुणापुढे कसे बसावे हे पाहून शिकावे लागते. वडिलांच्या बहिणीचा, म्हणजे आपल्या आत्याचा, तिथे मोठा मान. लग्नात आणि मयतीच्या वेळी तिची बैठक वरची. ज्यांना वाटते आपण शिकवायला आलो, त्यांना आधी हे शिकावे लागते.

आणि शिकवलेले किती टिकले, हे जोडपे परतल्यावरच कळते. 2020 साली कोविडमुळे चर्चने जगभरातले परदेशी सेवेकरी मोठ्या संख्येने मायदेशी बोलावले. त्यानंतर 15 जानेवारी 2022 रोजी टोंगाजवळ समुद्रात ज्वालामुखी फुटला. लाटा आल्या, टाक्यांतल्या पाण्यात राख पडली, समुद्राखालची तार तुटून देश जगापासून तुटला. देशाच्या सीमा तेव्हा बंदच होत्या. राख झाडली, टाक्या धुतल्या, शेजाऱ्याला आसरा दिला तो टोंगन माणसांनीच. पाहुण्या सेवेकऱ्याने मनाशी हाच हिशेब धरावा: आपल्यावाचून इथले काही अडू नये.

परतल्यावर युटाच्या शेतावरही तेच दिसते. मुलाचे काही चुकलेले असते, काही आपल्याहून चांगले जमलेले असते. तुम्ही नव्हता म्हणून त्याला ते जमले.

वाचकहो, टोंगाला जायलाच हवे असे नाही. आपल्याकडेही साठी उलटली की दोनच वाटा दिसतात: एक, किल्ल्या कमरेला धरून सुनेशी भांडत बसायची; दुसरी, ओसरीवर खाट टाकून वेळ मोजायची. तिसरीही आहे. हक्क सोडावा, काम सोडू नये. शेजारच्या गावात शाळा आहे, वाचनालय आहे, पाण्याची टाकी गळते आहे. दोघांनी मिळून एक हंगाम तिकडे द्या. घरून निघताना मात्र मुलाला सूचनांची यादी देऊ नका. किल्ली द्या आणि एस.टी. धरा.