बारा हजार किलोमीटर म्हणजे किती तास?

नाशिक रोडला आयुष्य काढलेल्या माणसाला अंतराचा हिशेब रेल्वेने शिकवलेला असतो. मुंबई १८७ किलोमीटर, पंचवटी एक्स्प्रेसने साडेतीन तासांच्या आसपास. देशाचे पासपोर्ट छापणारी प्रेस आमच्याच वस्तीत. पण स्वतःचा पासपोर्ट हातात पडला, लेकीकडे न्यूयॉर्कला जायचं ठरलं, आणि तो जुना हिशेब काही केल्या जुळेना.

मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर. विमान ताशी नऊशेने जातं, म्हणजे चौदा तास. तिकिटावर मात्र जाताना सोळा, येताना साडेचौदा. शिवाय मध्यरात्रीनंतर दीडला निघून त्याच दिवशी सकाळी आठला उतरायचं! न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं (हिवाळ्यात साडेदहा), हे कळल्यावर ते आठ वाजणं तरी सुटलं. जाण्यायेण्यातला फरक सुटेना.

जावई फोनवर म्हणाले, "आई, नकाशा बाजूला ठेवा. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा." शेजारच्या मुलाचा गोल मागून आणला. मला वाटत होतं, अरबस्तान, आफ्रिका, मग अटलांटिक. ताणलेला दोरा सरकला थेट उत्तरेला: रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं टोक, कॅनडा. मी पुन्हा पुन्हा ताणला. तोच सगळ्यात आखूड रस्ता. इतकी वर्षं भिंतीवर पाहिलेल्या जगाचा हा आकार मला कुणी दाखवलाच नव्हता.

पण विमान त्या दोऱ्यावरूनच जातं असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा पश्चिमेकडच्या कित्येक विमानांना वळसा घ्यावा लागला. आणि वारा! दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, कधी ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने. जाताना ते बरेचदा समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. कसारा घाट चढताना गाडीला जादा इंजिनं का लावतात, हे पाहत वाढलेल्या मला ते लगेच पटलं. किलोमीटर तेवढेच, कष्ट वेगळे. वारा हिवाळ्यात अधिक जोर धरतो, म्हणून तिकिटावरचे तासही ऋतूप्रमाणे थोडे बदलतात. त्यात विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ धरलेला असतो; धावपट्टीकडे रांगेत सरकणंसुद्धा.

मग मी किलोमीटर सोडले आणि कागदावर नुसते तास मांडले. घरून विमानतळ गाडीने चार-पाच, तिथे आधी तीन, विमानात सोळा, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग. एक अख्खा दिवस. माझ्या साखरेच्या गोळ्या घड्याळावर चालतात, आणि घड्याळ तर वाटेतच साडेनऊ तास मागे जाणार. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी प्रत्येक गोळीपुढे भारतातली वेळ लिहिली, शेजारी तिथली, आणि दर दीड-दोन तासांनी उठून चालायला सांगितलं.