पेंटरचा हात

परभणीत पेंटर म्हणून जगायचं तर एका कामावर भागत नाही. दुकानांच्या पाट्या, नाटकांचे पडदे, गणपती, निवडणुकीच्या भिंती, सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात 'मौत का कुआँ'च्या दर्शनी फळ्या, सगळं केलं. पुढं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचं काम आटलं. हात मात्र थांबला नाही.

हात बसला तो उस्तादांकडं. पत्रा घासायचा, रेड ऑक्साइड मारायचं, ते वाळलं की पांढऱ्याचे दोन हात. मग रंगीत खडूत माखलेली सुतळी दोन्हीकडून ताणून मधोमध उचलून सोडायची. शिरोरेषा उमटायची. मी लगेच ब्रश बुडवला की उस्ताद म्हणायचे, "बेटा, पहले सडक के उस पार जाके देख." पाटी लांबून वाचायची असते, हे तिथं कळलं. तेच पडद्याला लागू पडलं. मांजरपाटावर सरस आणि खडूची पूड चढवून जंगल रंगवताना पानं जवळून नुसते फटकारे दिसतात. शेवटच्या रांगेतून ती हलतात.

माझं अक्षर खरं सुधारलं ते जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला. तिथल्या जुन्या देवळांतले खांब मी शाईनं काढायचो. दुपारी ऊन तिरपं झालं की नक्षीच्या खाचांत काळोख भरतो आणि आकार बाहेर येतो. मी आकार काढणं सोडून तो काळोखच काढायला लागलो. परत येऊन पाटी लिहिली, तेव्हा दोन अक्षरांमधली मोकळी जागा पहिल्यांदा नीट दिसली.

'एक ना धड' असं अनेकांनी ऐकवलं. मला हे मान्य नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी (१८९०-१९५४) नाटकांचे पडदे रंगवले, शिल्पं केली, भाऊ आनंदरावांच्या साथीनं सुरू केलेला कॅमेरा त्यांच्या पश्चात पुरा केला, सिनेमे काढले, त्यांची पोस्टरंही स्वतः केली. १९२० मध्ये 'सैरंध्री', १९२५ मध्ये 'सावकारी पाश'. मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की नाटकाच्या पडद्यांवर ज्यांचं नाव झालं त्यांनीच सिनेमात रंगवलेल्या पडद्याऐवजी खोली असलेले सेट उभे केले. सपाट कापडावर खोलीचा भास करताना आयुष्य गेलेल्या माणसालाच कॅमेऱ्यापुढं काय कमी पडतंय ते दिसणार. एका कामानं दुसऱ्याला शिकवलं ते असं. आणि इतकं करूनही आडनावासारखं लावलं ते 'पेंटर'च.

आता पोरं विचारतात, "सर, पेंटिंग घेऊ की अप्लाइड?" मी म्हणतो, जे घ्यायचं ते घे, पण सुट्टीत इथं ये. आलेल्या पोराला आधी पत्रा घासायला लावतो, मग 'क' गिरवायला आणि थंडी पडली की चारठाण्याची एसटी.